वादळ आज्ञेत ठेवणारा पडदा

पडदा म्हटलं की, मित्रांनो, तुमच्या डोळ्यांसमोर खिडकीवरचं फुलाफुलांचं कापड येईल. मी तसला नाही. वाऱ्याने मी हलत नाही आणि धुतल्याने उजळत नाही. मी एक जुना, लाकडी, चार घड्यांचा पडदा आहे, आणि टेबलावर उभं राहणं हाच माझा जन्मभराचा धंदा.

माझा जन्म एका मोडक्या कपाटातून झाला. दूर उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या हार्नोसांद गावात, समुद्राच्या काठी, फोल्के नावाचा एक सोळा वर्षांचा मुलगा राहत होता. आईने टाकायला काढलेल्या कपाटाची पाठ त्याने करवतीने कापली, चार फळ्या केल्या, बापाच्या जुन्या पट्ट्याचं चामडं कापून त्यांना बिजागऱ्या लावल्या आणि मला उभं केलं. बाहेरच्या बाजूला त्याच्या वर्गमित्राने आग ओकणारा अजगरासारखा राक्षस रंगवला. राक्षस म्हणे भयंकर होता. प्रत्यक्षात तो जेवण जास्त झालेल्या बुटक्या कुत्र्यासारखा दिसतो, आणि पाहणारे पहिल्यांदा हसतात, मग विचारतात, "हा काय खातो रे?" मी हे सारं निमूट सोसलं आहे. चेहरा आपल्या हातात नसतो.

माझं काम काय, ते सांगतो. फोल्के आणि त्याचे मित्र एक खेळ खेळतात. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. कागद, पेन्सिल, फासे आणि बोलणं एवढंच भांडवल. प्रत्येकाचं एक पात्र असतं: कुणी सरदार, कुणी पुजारी, कुणी मंत्र टाकणारा. हा त्या पात्राचा पेशा. टेबलाच्या टोकाला सूत्रधार बसतो. समोर डोंगर आहे की दरोडेखोर, दार उघडलं की अंगावर कोसळलं, हे तो सांगतो. काही फासे तो सगळ्यांसमोर टाकतो आणि काही गुपचूप, माझ्याआड.

म्हणजे पाहा, माझ्या एका बाजूला आशा बसते आणि दुसऱ्या बाजूला वस्तुस्थिती. पुढून मला चेहरे दिसतात, मागून आकडे. जमा आणि खर्च दोन्ही पाहणारा त्या खोलीत मी एकटाच. इतकी वर्षं दोन्ही बाजू ताडून पाहिल्या आणि एक गोष्ट कळली: माणसं आकड्यांना घाबरत नाहीत, एकमेकांच्या तोंडाकडे पाहून घाबरतात.

फोल्के मोठा झाला, बस चालवू लागला, टक्कल पडलं. पण गुरुवार संध्याकाळ चुकली नाही. वाचनालयाच्या तळघरातल्या खोलीत आधी सगळ्यांनी वाटाण्याचं सूप प्यायचं, मग माझ्या घड्या उलगडायच्या, असा शिरस्ता पडला. माझ्या पुढ्यात कायम दोघं असत. एक गुनेल. आयुष्यभर तिने सुइणीचं काम केलं होतं, आता निवृत्त होती, आणि वेलदोड्याचे गोड पाव आणल्याशिवाय यायची नाही. दुसरा सिक्स्टेन. नगरपालिकेत कुठल्या रस्त्यावरचा बर्फ आधी उपसायचा हे ठरवणारा माणूस. कुणाला एक पाव जास्त गेला तरी ज्याच्या कपाळाला आठी पडते, तो हा. नियमाचा पक्का आणि जिभेचा तिखट.

त्या काळी माझा मान काय वर्णावा! फोल्के मला पुसायचा, मेण लावायचा. माझ्याआड फासा खुळखुळला की गुनेलचा हात पावावर थांबायचा. सिक्स्टेन मान लांब करून डोकावायला बघायचा आणि फोल्के पेन्सिलीने त्याच्या बोटांवर टिचकी मारायचा. "पडद्याआड बघायचं नाही! पडद्याआड देव असतो." "देव कसला, टक्कल दिसतंय मला," सिक्स्टेन म्हणायचा.

एका शरद ऋतूत तिथे इल्वा आली.

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. दक्षिणेकडून एकटीच बदली होऊन आली होती, गावात कुणाशी ओळख नव्हती. पहिल्या दिवशी ती कोट न काढताच बसली, जणू बस चुकायची भीती. पण खेळ ऐकता ऐकता तिने बाहीतून हात बाहेर काढले, आणि तिसऱ्या खेपेला आली ती स्वतःचा मंत्रवाला घेऊन. पुस्तकातला नाही, घरी रांधलेला. त्या पेशाला तिने नाव दिलं 'वारेबांधी'.

आमच्या किनाऱ्यावर जुन्या काळी शहाण्या बायका दोरीत वारा बांधून खलाशांना देत, असं म्हणतात. दोरीला तीन गाठी. पहिली सोडली की झुळूक, दुसरी सोडली की सोसाटा आणि तिसरी सोडली की वादळ. इल्वाने हेच धरलं. तिच्या वारेबांधीकडे अशा तीन दोऱ्या. मंत्र म्हणजे गाठ सोडणं. मात्र तिसऱ्या गाठीला तिने एक काटा ठेवला होता: वादळ सुटलं की सूत्रधाराने पडद्याआड वीस बाजूंचा फासा टाकायचा. सहा किंवा त्याहून कमी पडले तर वादळ उलटायचं आणि आपल्याच माणसांना उडवून न्यायचं.

"छान आहे," सिक्स्टेन नाइलाजाने म्हणाला, आणि त्याच्या तोंडून 'छान' निघणं म्हणजे आमच्याकडे जुलैत बर्फ पडणं.

घरी केलेला पेशा तोलणं ही सोपी गोष्ट नाही, मित्रांनो. फार बळकट झाला तर बाकीचे नुसते प्रेक्षक उरतात. फार दुबळा झाला तर तो घेणाराच हिरमुसतो. म्हणून खेळून पाहायचं, कापायचं, जोडायचं, पुन्हा खेळायचं. इल्वाच्या मनात ईस्टरच्या मेळाव्याला जायचं होतं. तिथे दूरदूरच्या गावांहून खेळणारे जमतात, घरचे पेशे पारखतात आणि पसंत पडले ते त्या वर्षीच्या पुस्तिकेत छापतात. "छापलं तर," ती एकदा अगदी हळू म्हणाली, "मला न ओळखणारं कुणीतरी माझी दोरी हातात घेईल." गावात कुणीच ओळखत नसलेल्या बाईला हे का हवं होतं, हे मला त्या क्षणी लख्ख समजलं. फोल्केलाही समजलं. तिथेच घोटाळा झाला.

कारण पहिलंच वादळ उलटलं. फासा पडला तीनवर. फोल्केने प्रामाणिकपणे सांगितलं, आणि गुनेलचा म्हातारा पुजारी, जो तिने कित्येक वर्षं लेकरासारखा सांभाळला होता, कड्यावरून खाली गेला. गुनेल हसून म्हणाली, "गेला तर गेला गं, सुईण आहे मी, दुसरा जन्माला घालीन." पण इल्वा कोटांच्या खुंट्यांपाशी तोंड फिरवून उभी राहिली, आणि पुढच्या गुरुवारी आलीच नाही. फोल्के तिच्या दुकानात गेला, उगाच चष्म्याची काडी दुरुस्त करून घेतली आणि तिला कसंबसं परत आणलं.

आता फोल्के कसा, तर स्टॉपवर धावत येणारं माणूस आरशात दिसलं की बस थांबवणारा. मागचे प्रवासी कुरकुरले तरी थांबवणारा. म्हणून पुढच्या वेळी माझ्याआड फासा पाचवर पडला, तेव्हा त्याने माझ्या कडेवरून इल्वाचा चेहरा पाहिला. तिने श्वास रोखला होता. फोल्के म्हणाला, "वादळ आज्ञेत आहे."

मी लाकूड. माझ्या तोंडात मिठाची गुळणी. काय बोलणार?

त्यानंतर वादळ सदाच आज्ञेत राहिलं. दोन पडले, आज्ञेत. सहा पडले, आज्ञेत. एक पडला, तेव्हा फोल्केने जरा खाकरून घेतलं आणि मग आज्ञेत. इल्वाचा कोट आता दाराशीच खुंटीवर जायचा. ती हसायची, सिक्स्टेनला उलट उत्तरं द्यायची. जमेच्या बाजूला हे सगळं मी मांडून ठेवलं आहे. खोटं नव्हतं ते.

पण खर्चाची बाजू ऐका. कधीच न उलटणारं वादळ बाळगणारी बाई टेबलावर असली तर बाकीच्यांना काम काय उरतं?

"परत?" सिक्स्टेन भडकला. "अगं, वादळ आहे की पाळलेलं कुत्रं? ये म्हटलं की येतं, बस म्हटलं की बसतं! आम्ही इथे काय टाळ्या वाजवायला बसलोय?"

"जास्त भारी आहे का?" इल्वाने विचारलं.

"भारी? माझ्या सरदाराने तलवार म्यानातून काढायच्या आत लढाई संपते. गंजली ती."

"सिक्स्टेन, पाव खा," गुनेल म्हणाली.

"पाव खातोच आहे. पण सरदार उपाशी आहे माझा."

इल्वा भांडली नाही. ती प्रामाणिक होती आणि सिक्स्टेनचं म्हणणं तिला पटलं. घरी जाऊन तिने तीन दोऱ्यांच्या दोन केल्या. वादळ तरीही आज्ञेत. सिक्स्टेन पुन्हा कुरकुरला. तिने दोनाची एक केली. मग अंगातली ताकद कापली, इतकी की तिची वारेबांधी शिंकेने पडावी. फोल्के तिच्या कागदावरची खाडाखोड पाहत राहायचा. जितकं तो तिला पाठीशी घालत होता, तितकं ती स्वतःचंच मांस कापत होती. बोलावं असं त्याच्या ओठांवर यायचं. मग तो कॉफी ओतायचा. पुढच्या गुरुवारी सांगू. पुढच्या गुरुवारी पुन्हा कॉफी.

ईस्टरला इल्वा मेळाव्याला निघाली तेव्हा तिने फोल्केला विचारलं, "पडदा देशील? शकुन म्हणून." फोल्केने मला तिच्या हातात दिलं, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

मेळावा एका शाळेत होता. पारखणाऱ्या बाईचं नाव राकेल. करडे केस, बाह्या वर सारलेल्या, हातात पेन्सिलीचा तुकडा. मला पाहून तिने त्या राक्षसाच्या पोटावर बोट टेकवलं. "गोड आहे. पण माझ्या टेबलावर फासे सगळ्यांसमोर पडतात. ठेव तो भिंतीशी."

मला भिंतीला टेकवलं. जन्मात पहिल्यांदाच मी टेबलाबाहेर उभा राहून खेळ पाहिला.

फार वेळ लागला नाही. इल्वाच्या मंडळींवर लांडगे चालून आले. तिने झुळूक सोडली, सोसाटा सोडला, आणि मग आपली एकुलती एक तिसरी गाठ सोडली. राकेलने फासा टेबलाच्या मधोमध टाकला. चार.

"उलटलं," राकेल म्हणाली. इल्वा आपल्या हाताकडेच पाहत होती. तिच्या वारेबांधीच्या अंगात ताकद होती कुठे? पहिल्या फटक्यातच ती गेली. उरलेला वेळ बाकीचे लढत राहिले आणि इल्वा पेन्सिलीला टोक करत बसली, जे आधीच झालेलं होतं.

शेवटी राकेलने तिला जवळ बसवलं. "कल्पना सुरेख आहे गं. पण हिला तू उपाशी ठेवलंयस. एवढं का कापलंस?"

"फार भारी होती."

"कुठे?"

"आमच्या टेबलावर."

राकेलने भिंतीकडे, माझ्याकडे पाहिलं. मग एवढंच म्हणाली, "यंदा घेता येत नाही. शरदातल्या मेळाव्याला परत आण. पण आधी नीट खेळून ये."

पुढच्या गुरुवारी इल्वाने मला नेहमीच्या जागी उभं केलं. फोल्केने सूप वाढलं. तिने घेतलं नाही.

"नापास," ती म्हणाली. "पहिल्याच वादळात गेली. आता एकच सांग, फोल्के. तिथे पहिल्याच खेपेला उलटलं. इथे गुनेलचा पुजारी गेला त्यानंतर एकदाही नाही. का?"

"नशीब असतं एकेकाचं," गुनेल घाईने म्हणाली.

सिक्स्टेनने मात्र चमचा खाली ठेवला. त्याचे ओठ हलू लागले. "वीसमधले सहा... म्हणजे दर तीन-चार वादळांत एक उलटायला हवं... आणि आपण अख्खा हिवाळा..." तो थांबला. "असं नसतं होत. फाशाला आपलं-परकं कळत नाही."

सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्यावरून फोल्केकडे.

"फोल्के," गुनेल हळूच म्हणाली, "तुझे कान लाल झालेत."

इल्वाने हात पुढे केला आणि मला मिटलं. चार फळ्या एकीवर एक. टेबलावर आडवा झालो तेव्हा पहिल्यांदाच फोल्के तिच्यासमोर पूर्ण दिसला: सुपाचा डाग पडलेला स्वेटर, फासे झाकणारा पंजा.

"मला वाटलं, तू परत यायची नाहीस," तो म्हणाला.

"म्हणून मला जिंकवलंस?"

"हसत होतीस. म्हटलं, हसू दे."

"माझ्यावर दया केलीस, ते एक वेळ ठीक. माझ्या कामावर का केलीस? मी त्याची बोटं कापली, हात कापले. तू इथे बसून बघत होतास, आणि मला कॉफी देत होतास!"

"आणि मी सुरी पुरवत होतो," सिक्स्टेन पुटपुटला. त्याचा आवाज असा पडलेला मी कधी ऐकला नव्हता.

इल्वा कोट घालून निघून गेली.

त्यानंतरच्या गुरुवारी फोल्केने मला उभं केलं नाही. मी टेबलाच्या कडेला पडून होतो. सूप निवलं, त्यावर साय धरली. गुनेल उगाच पाव मोजल्यासारखं करत होती. सिक्स्टेन दाराकडे पाहत नाही असं दाखवत दाराकडेच पाहत होता. एक माणूस न येण्याने खोली किती मोठी होते, हे मला तेव्हा कळलं.

ती आली. उशिरा आली, कोट अंगातच, आणि उभ्या उभ्याच कागद टेबलावर ठेवला. जुना कागद. तीन दोऱ्या, अंगात पूर्ण ताकद, सुरुवातीला होती तशी.

"आज फासा मधोमध पडेल," ती म्हणाली. "जे पडेल ते पडेल."

खेळ सुरू झाला. जहाजावर चाच्यांनी हल्ला केला. इल्वाने तिसरी गाठ सोडली. फासा टेबलावरून गडगडत गेला, सुपाच्या भांड्याला लागला आणि थांबला. दोन.

फोल्केचा हात सवयीने फाशाकडे सरकला. गुनेलने त्या हातात एक पाव कोंबला. "हे धर. आणि गप्प बस."

इल्वाचा चेहरा पांढरा पडला होता. तिचा हात कोटाच्या गुंडीवर गेला, आणि मला वाटलं, संपलं. पण तिने गुंडी सोडली. बाही ओढली. कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि बसली.

"सिक्स्टेन," ती म्हणाली, "तुझा सरदार समुद्रात पडला. चिलखतासकट."

सिक्स्टेनने पेन्सिल खाली ठेवली. सगळे त्याच्याकडे पाहत होते. हा माणूस एका पावासाठी आठी घालणारा. हा तर त्याचा सरदार होता.

"पोहता येत नाही त्याला," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मूर्ख आहे. चिलखत घालून जहाजावर येतं का कुणी?" मग त्याने तिचा कागद आपल्याकडे ओढला. "हे बघ. तीन दोऱ्या जास्त होतात, हे मी आजही म्हणेन. एक म्हणजे थट्टा. दोन ठेव. पण अंगातली ताकद आहे तशी राहू दे हिची. मध्यंतरी हाडं मोजता येत होती." आणि जरा थांबून, "उलटलं तेव्हा पोटात गोळा आला माझ्या. तो गोळा कापू नकोस."

फोल्के पाव खात बसला होता. तो कसा गिळत होता ते मी पाहिलं, पण सांगणार नाही.

सगळा उन्हाळा ते उघड्यावर खेळले. कधी वादळ आज्ञेत राहिलं, कधी नाही. गुनेलचे आणखी दोन पुजारी गेले आणि तिने आणखी दोन जन्माला घातले. इल्वा प्रत्येक पतनानंतर एक ओळ खोडायची नाहीतर एक लिहायची. फोल्के फक्त फासा टाकायचा आणि पडेल ते वाचायचा. पहिल्या काही खेपांना तो अडखळायचा, मग सवय झाली.

शरदातल्या मेळाव्याला मला कुणी नेलं नाही. शकुनाची गरज उरली नव्हती. काय झालं ते मी गुरुवारी ऐकलं. राकेलच्या टेबलावर वादळ दुसऱ्यांदा सोडलं तेव्हा उलटलं आणि सगळं जहाज बुडालं. चार अनोळखी खेळाडूंपैकी एकजण म्हणाला, "पुन्हा मांडा. आता दोरी मी घेतो."

"धोकादायक आहे हां," राकेल इल्वाला म्हणाली.

"हो," इल्वा म्हणाली. "माहीत आहे."

"धोका राहू दे तसाच," राकेल म्हणाली, आणि कागद पुस्तिकेच्या गठ्ठ्यात ठेवला.

मित्रांनो, माझं आता वय झालं. चामड्याच्या बिजागऱ्या कुरकुरतात. बहुतेक गुरुवारी मी आडवाच असतो. माझ्या अंगावर कॉफीची किटली ठेवतात, आणि तिचे गोल डाग त्या राक्षसाच्या पोटावर उमटले आहेत. कधीकधी फोल्के मला अजूनही उभं करतो: गुहेत काय दडलंय, नकाशाचं दुसरं टोक कुठे आहे, असलं लपवण्यासारखं काही असेल तर. ते लपवायला मला आवडतं. पण वादळाचा फासा मधोमध पडतो.

पूर्वीसारखा मान नाही, याचं वाईट वाटतं का? वाटतं. खोटं कशाला बोलू? तरी तुम्हाला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं, हाताने केलेलं काही असेल तर ते जपा. डाग पडले तरी फेकू नका. आणि तुमच्या आवडत्या माणसाने जिवापाड काही घडवून तुमच्यासमोर ठेवलं, तर त्यालाही जपा. पण ते पडत असताना मध्ये हात घालू नका. पडू द्या, शेजारी बसा, आणि किती पडले ते मोठ्याने वाचा.